दुसरी बाटली

२०१९ च्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या थानात गाठ आली. धाकटीचं पिणं सुटून वर्ष उलटलं होतं, तरी सासूबाई म्हणाल्या, "दूध साकळलं असंल." एका दवाखान्यात चिरा दिला, पू काढला, फेकला. दीड महिन्यात पुन्हा तेच. मग जखम भरेचना. बारीक भोक राहिलं, त्यातून सारखं झिरपायचं. वास येईल म्हणून लग्नाकार्याला जाणं मी सोडलं. गावात कॅन्सरची कुजबुज सुरू झाली ती वेगळीच.

गावच्या आरोग्याचं काम बघणारी आशाताई हटून बसली आणि परतूरहून रेल्वेनं मला घाटी रुग्णालयात घेऊन गेली. डॉक्टर जाड सुईनं तुकडे काढत होते, तेव्हा शेजारी सिस्टरनं दोन बाटल्या मांडल्या: एक फॉर्मॅलिनची, एक साध्या सलाईनची. दोन कशाला, मी विचारलं. "फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, ताई. मेलेला जंतू वाढवून कसा बघणार?"

पहिल्या बाटलीनं सांगितलं, कॅन्सर नाही, ग्रॅन्युलोमा आहे, म्हणजे सुजेतल्या पेशींचा पुंजका. हा शब्द मोठा फसवा. क्षयात ग्रॅन्युलोमा दिसतो, पण फक्त क्षयातच नाही. १९७२ साली केसलर आणि वोलोक यांनी स्तनाची एक सूज नोंदवली, तिचं कारण सापडत नाही. तिच्यातही ग्रॅन्युलोमाच दिसतो आणि तिला बऱ्याचदा स्टेरॉइड देतात. क्षयावर नुसतं स्टेरॉइड पडलं तर तो फोफावतो. माझा निकाल दुसऱ्या बाटलीनं लावला. सीबीनॅट तपासणीत क्षयाचा जंतू सापडला. स्तनालाही क्षय होतो हे अ‍ॅस्टली कूपरनं १८२९ सालीच लिहिलं होतं. आमच्याकडे टीबी म्हणजे खोकला, एवढंच ठाऊक.

सहा महिने गोळ्या. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली, घाबरून आशाताईला फोन केला, तर ती हसायलाच लागली. सरकारचे महिन्याला ५०० रुपये यायचे, त्यांची अंडी आणायचे. निम्मी पोरांनीच खाल्ली. चौथ्या महिन्यात भोक बुजलं.

कोर्स संपल्यावर घरच्या बागेतली मोसंबी पिशवीभर घेऊन त्या सिस्टरला भेटायला गेले. नाव कधी विचारलंच नव्हतं. त्यांची बदली झाली होती. मोसंबी वॉर्डातल्या बायकांनी सोलून खाल्ली.