शल्यवैद्याचा शोध

बैल घ्यावयाचा असला म्हणजे आमच्या बारामतीचा शेतकरी त्याचे दांत पाहतो, चार पावलें चालवून घेतो, मगच पैशांना हात घालतो. पण ज्याच्या हातीं स्वतःचा गळा द्यावयाचा, त्यास आम्ही सुशिक्षित लोक एकहि प्रश्न विचारीत नाहीं. हें ध्यानांत येण्यास आमचाच गळा पणास लागावा लागला.

इंदापुरास मुलीकडे असतां आम्हांस दुसऱ्यांदा मूतखडा झाला. तेथल्या जड पाण्यावर खापर फोडून आम्ही मोकळे झालों होतों. परंतु एका तरुण डॉक्टरानें रक्त तपासविलें, तों कॅल्शियम ११.८ मिलिग्रॅम निघालें. असावें तें साडेदहाच्या आंत. अवटुग्रंथीच्या पाठीमागें तांदळाएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथि असतात. त्यांपैकीं एक फुगून हाडांतला चुना रक्तांत ओतीत होती. खरा इलाज एकच, ती काढणें.

काढणें सोपें, सांपडणें कठीण. चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाजाच्या कप्तानावर सात वेळां शस्त्रक्रिया झाली. १९३२ सालीं सातव्या खेपेस ती गांठ गळ्यांत नव्हे, छातींत सांपडली. शिवाय आवाजाचा मज्जातंतु गळ्यांत तेथूनच जातो. तीस वर्षें आवाजावर पोट भरणाऱ्या प्राध्यापकास हें ऐकून घाम फुटला.

पुण्यास एका ख्यातनाम शल्यविशारदांस आम्ही भीतभीत विचारलें, "वर्षांत अशा किती करतां?" त्यांच्या कपाळास आठी पडली. "विश्वास नसेल तर येऊं नये," ते म्हणाले. आम्ही परतलों. बारामतीस आमचे एक जुने विद्यार्थी शल्यवैद्य आहेत. तेच काम करतील अशी आमची आशा. ते म्हणाले, "सर, जन्मांत दोनच केल्या. माझ्याकडे नको. हेंच काम नित्य करणारे गृहस्थ पुण्यांत आहेत, त्यांच्याकडे जा."

गेलों. गांठ काढल्यावर दहा मिनिटांनीं पुन्हां रक्त तपासून, तिचा स्राव निम्म्याखालीं आल्याची खात्री करून मगच त्यांनीं जखम शिवली. शुद्धीवर येतांच आम्ही मुलीस हांक मारली. आवाज शाबूत होता.

गळा वांचविला तो कापणाऱ्यानें, तसाच 'माझ्याकडे नको' म्हणणाऱ्यानेंहि. मोरोपंतांच्या या गांवीं वर्गांत एखादी आर्या अडली, तर आम्ही आजवर कांहीं तरी अर्थ ठोकून देत आलों. परवां मात्र एका मुलास म्हटलें, "हें मला येत नाहीं, मराठीच्या प्राध्यापकांस विचार." तें वाक्य उच्चारतांना, खरें सांगावयाचें तर, शस्त्रक्रियेपेक्षां अधिक दुखलें.