आंधळा, पांगळा आणि कोशातला पतंग

मृग नक्षत्र लागले की आमच्या भंडारा जिल्ह्यातील ढिवरांच्या घरी, माळा करून टांगलेल्या कोशांतून टसराचे पतंग बाहेर पडू लागतात. लहानपणी अशाच एका घरी मी सायंकाळी गेलो होतो. तेथील म्हाताऱ्या बाबांनी कंदील वर धरला आणि प्रत्येक पतंगाचे पोट तेवढे पाहिले. जड पोटाची मादी दिसली की त्यांची मुद्रा उजळे.

“बाबा, नर काय वाईट असतो?” मी विचारले.

“नर लय दुरून उडत येते गा, पण बीज हिच्याच पोटात आहे.”

खरेच होते ते. एकेक मादी दोनशेच्या आसपास अंडी घालते. त्यांतल्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढल्या, तरच पुढचे कोसे हाती येणार. माद्या कमी निघाल्या तर बियाणेच तुटावे! पण एका अंड्यातून मादी आणि दुसऱ्यातून नर, हे ठरवतो कोण?

या टसराच्या भाऊबंदात, तुतीवरच्या रेशीमकिड्यात, याचे उत्तर 2014 साली सापडले. टोकियो विद्यापीठातील सुसुमु कात्सुमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले. पेशीतील आरएनए हा प्रथिने घडवण्याचा निरोप पोचवतो, असे आपण शिकतो. मात्र काही आरएनए असा कोणताच निरोप नेत नाहीत. मादीच्या ‘डब्ल्यू’ गुणसूत्रावरून निघणारा ‘फेम’ हा त्यांपैकीच एक. लांबी अवघी 29 अक्षरांची. त्याच्या जोडीला असते ‘सिवी’ नावाचे प्रथिन.

आपल्याकडे आंधळ्यापांगळ्याची गोष्ट सांगतात, तसाच यांचा संसार. सिवीच्या अंगी कापण्याचे बळ आहे, पण काय कापावे हे त्याला दिसत नाही. फेमला ते अचूक ओळखता येते, पण त्याला हात नाहीत. म्हणून फेम जणू सिवीच्या खांद्यावर बसतो, नर घडवणाऱ्या निरोपाशी आपली अक्षरे जुळवून तो ओळखतो, आणि सिवी त्या निरोपाचे तुकडे करते. नराचा निरोप असा तुटला की अंड्यात मादी घडते. शास्त्रज्ञांनी मादीच्या गर्भात फेमचे काम अडवून पाहिले, तेव्हा तेथे नराच्या घडणीची चिन्हे उमटली.

बाबांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या रात्री त्यांनी अकरा माद्या मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि कंदील बारीक केला. नर मोजण्याचे त्यांना सुचलेही नाही.