तारीख बोरी नदी ठरवते

उत्तर नॉर्वेत फोटो काढायला जाणारी मंडळी वर्षभर आधी तिकिटं काढतात, आणि ते त्यांना परवडतं. लोफोटेनची बेटं ६८ अक्षांशावर आहेत. हिवाळ्याच्या शेवटी तिथला सूर्य क्षितिजाला घासत तिरका सरकतो, सोनेरी उजेड तासन्‌तास टिकतो. एक जागा हुकली तर गाडी काढून दुसरी गाठता येते. धाराशिव १८ अक्षांशावर. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. माळावरचा मऊ उजेड अर्ध्या तासात सरतो आणि मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. त्यामुळे इथल्या बालाघाटच्या डोंगरांत फोटोग्राफरांना घेऊन हिंडताना मी एका संध्याकाळी एकच जागा ठेवतो. नळदुर्ग, तुळजापूर, तेर, येडशी एकाच दिवसात उरकायचं असेल तर माझ्याबरोबर येऊ नका, असं मी फोनवरच सांगतो.

सगळ्यात जास्त विचारणा नळदुर्गच्या नर-मादी धबधब्यांची होते. ‘पुढच्या पावसाळ्यात कधी येऊ?’ याचं उत्तर कॅलेंडरात नाही. बोरी नदी किल्ल्याला वळसा घालून जाते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, किल्ला आणि शेजारचं रणमंडळ यांच्यामध्ये दगडी बंधारा घालून ही नदी अडवली आणि बंधाऱ्याच्याच पोटात पाणी महाल बांधला. पाणी चढलं की दोन सांडव्यांवरून कोसळतं, ते हे नर आणि मादी. महालाच्या आत उभं राहिलं की पाणी अंगावर न येता डोळ्यांसमोरून पडतं. चारशे वर्षांपूर्वी ज्याने ही जागा आखली, त्याला पाणी कुठून बघावं हे आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं, असं मला तिथे प्रत्येक वेळी वाटतं.

पण आता किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरीवर कुरनूरचं धरण आहे. ते भरून सांडव्यावरून पाणी सुटल्याशिवाय नर-मादी वाहत नाहीत. म्हणून जुलैपासून मी पावसाचा अंदाज कमी आणि धरणाचा साठा जास्त बघतो. आपल्याकडचा मोठा पाऊस बरेचदा भाद्रपदात, परतीच्या वाटेवर येतो. आषाढात पुण्याकडची मंडळी सह्याद्रीतले धबधबे बघून परततात, तेव्हा आमची बोरी कोरडी असते. काही वर्षं ती शेवटपर्यंत कोरडीच राहते. अशा वर्षी मी धबधब्याची सहल काढत नाही. नुसत्या कोरड्या सांडव्यापुढे माणसं उभी करून ‘किल्लाही सुंदर आहे’ म्हणणं मला पटत नाही. किल्ला सुंदर आहेच, पण त्याची सहल वेगळी. ती मार्गशीर्षात, उपळी बुरुजावरून लांब सावल्या पडतात तेव्हा.

पाणी सुटलं की ढगाळ दिवस मागून घ्यावा. काळा बेसाल्ट आणि पांढरा फेस, त्यावर ऊन आलं तर दोन्ही एका फ्रेममध्ये बसत नाहीत. ढग असले की दोन्हींमधलं अंतर कमी होतं. ट्रायपॉड लावून अर्ध्या सेकंदाचा शटर ठेवला की पाणी रेशमी दिसतं. आजकाल सगळेच तसं काढतात. मला स्वतःला हजाराव्या हिश्शाचा शटर आवडतो. बोरीचं पाणी पुराच्या दिवसांत गढूळ, मातीच्या रंगाचं असतं, त्याला वजन असतं, आणि ते वजन जलद शटरमध्येच दिसतं. लेन्स पुसायला सुती कापडाचे जास्तीचे तुकडे हवेत, कारण तुषारांमुळे दर मिनिटाला काच धूसर होते.

त्या मातीच्या रंगाबद्दल सांगायलाच हवं. ती कुणाच्या तरी रानातली माती असते. सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा आणि भूम तालुक्यांत पुराने हाहाकार केला. उभं सोयाबीन पाण्यात गेलं, जमिनी खरवडून निघाल्या, लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. ज्या पाण्याची आपण कॅमेरा घेऊन वाट बघतो, तेच हे पाणी. म्हणून सहलीची तारीख ठरवताना मी दोन गोष्टी विचारतो: सांडवा वाहतोय का, आणि वाटेवरच्या गावांत काय परिस्थिती आहे. पहिल्याचं उत्तर हो असलं तरी दुसऱ्याचं वाईट असेल तर गाड्या काढायच्या नाहीत. तसंच लोहारा तालुक्यातल्या जुन्या सास्तूरचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात तिथे जे झालं, त्याच्या खुणा बघायला कॅमेरे गळ्यात घालून माणसं नेणं मी कधीच माझ्या यादीत घेतलेलं नाही.

मग बाकीचं वर्ष काय? पाऊस ओसरला की माळावरचं कुसळी गवत आठ-पंधरा दिवसांत पिवळं पडतं आणि मग दिवाळीनंतर खऱ्या अर्थाने फोटोग्राफरांचे दिवस सुरू होतात. पौषात ज्वारीची कणसं भरतात, करडई फुलते. सकाळी उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं की कुसळांच्या टोकांना उजेड धरतो. पायांत उंच बूट आणि जाड मोजे हवेतच, कुसळं मोज्यात शिरली की दिवसभर माणूस खाली बसून तेच काढत राहतो.

माळावर हमखास भेटतात त्या उस्मानाबादी शेळ्या. जात देशभर नावाजलेली, रंग बहुतेक काळाभोर, आणि नवख्याचा फोटो इथेच फसतो. कॅमेऱ्यातलं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं. बर्फाळ मुलुखात म्हणूनच बर्फ मळकट येतो आणि तिथे उजेड एखाद्या स्टॉपने वाढवावा लागतो. आपल्याकडे उलटं. काळ्या रानात काळी शेळी, मीटर तिला राखाडी करून टाकतं. इथे एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणायचं, म्हणजे काळं काळंच राहतं आणि तिच्या पाठीवरची चमक उमटते. उत्तरेच्या सहलीची पुस्तकं वाचून आलेल्यांना मी हे सगळ्यात आधी, शेळ्यांसमोर उभं करून शिकवतो. राखणदाराला विचारूनच, आणि कळप बुजणार नाही इतक्या अंतरावरून.

येडशी-रामलिंग घाटाचं अभयारण्य छोटं आहे. बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा घाटातली ती झाडं लांबून ओळखू येतात. डिसेंबर २०२४ मध्ये या जंगलात लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून, शेकडो किलोमीटर शेतं, रस्ते, नद्या ओलांडून. तेव्हापासून मला ‘वाघ दाखवा’ असे फोन येतात. मी नाही म्हणतो. एवढ्याशा जंगलात आलेल्या एकट्या जनावरामागे गाड्या फिरवणं म्हणजे त्याला गावांकडे हाकलणं. त्याचा फोटो कुणी शटर न दाबता निघाला, त्यात मला कमीपणा वाटत नाही. ज्या माळावर आपण नुसतं गवत बघतो तिथून वाघाला वाट सापडते, हे त्या एका फोटोने दाखवलं. माझी सहल रामलिंगाच्या दरीत, जटायूची कथा सांगतात त्या देवळापाशी थांबते, आणि अंधार पडायच्या आत रस्त्यावर येते.

रात्रीचा कार्यक्रम फाल्गुन-चैत्राच्या अमावास्येला. उत्तरेकडच्यांना ध्रुवीय प्रकाश मिळतो, पण आकाशगंगेचा गाभा लोफोटेनवरून कधीच क्षितिजावर येत नाही. आपल्याकडे तो आग्नेयेला उगवतो आणि दक्षिणेला चांगला चाळीस अंशांवर चढतो. तुळजापूरजवळच्या पठारावर सोलापूरच्या दिव्यांचा उजेड दक्षिणेकडून जरा पश्चिमेला दिसतो, म्हणून तीन-साडेतीनला, गाभा अजून आग्नेयेला असतानाच फोटो काढायचे. अलीकडे पवनचक्क्यांचे लाल दिवे फ्रेममध्ये येतात. काही जण ते नंतर पुसतात. मी पुसू नका म्हणतो, आजचा बालाघाट तसाच आहे.

तेरला अर्धा दिवस पुरत नाही, पण त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ दुपारी बघितलं तरी चालतं. त्याची हत्तीच्या पाठीसारखी मागची गोलाई सावलीतच नीट कळते.

नर-मादीसाठी यायचं असेल तर गौरी-गणपती उठल्यापासून घटस्थापनेपर्यंतचे शनिवार-रविवार मोकळे ठेवा. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत तुळजापूरचे रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांचे असतात, तेव्हा मी गाड्या नेत नाही. नक्की तारीख दोन दिवस आधी कळवतो. तोवर आगाऊ पैसे पाठवू नका.