घाटातली घाई

मुंबईहून पुण्याला आपण आजवर किती वेळा गेलो, असे कोणी विचारले तर मराठी मध्यमवर्गीय माणसाला त्याचे उत्तर देता यायचे नाही. मुलगी पाहायला जायचे ते पुण्याला, मुलीला सासरी पोचवायला जायचे तेही पुण्याला. मुंज, बारसे, पेपरांची तपासणी, सारे पुण्यालाच. काशीयात्रा जन्मातून एकदा घडली तर घडते. पुण्याची वारी वर्षातून चारदा चुकत नाही. असल्या पायाखालच्या वाटेचे प्रवासवर्णन कोणी लिहायचे आणि कोणी वाचायचे? पण गेल्या मे महिन्यात, म्हणजे २०२५ साली, याच वाटेने मी विजेच्या मोटारीतून जाऊन आलो, आणि इतक्या वर्षांच्या ओळखीच्या बोरघाटात मला काही नव्या गोष्टी दिसल्या. त्या वाचकांच्या कानावर घालाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

तसे पाहिले तर नवी वाहने बघण्याची बोरघाटाला सवयच आहे. या घाटातला गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. तोपर्यंत माल चढायचा तो बैलांच्या पाठीवरून आणि माणसे चढायची ती पायी, घोड्यावरून नाहीतर पालखीतून. १८६३ साली आगगाडी घाट चढून आली. ते काम सात वर्षे चालले होते आणि हजारो मजुरांनी त्यात प्राण गमावले. पुढे १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, ती विजेच्या इंजिनावर. आजच्या तरुणांना विजेचे वाहन ही काल-परवाची नवलाई वाटते. बोरघाटाची आणि त्याची ओळख पंचाण्णव वर्षांची आहे! शेवटी २००२ साली कळंबोली ते किवळे असा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि घाटात मोटारींचा पूर लोटला.

आमचे भाचेबुवा या पुरातले पट्टीचे पोहणारे. पगार चांगला, लग्न व्हायचे आहे, आणि नवी कोरी विजेची मोटार दारात उभी; तीही आपल्या चाकणला तयार झालेली. "मामा, डेक्कन क्वीनची तिकिटे रद्द करा, तुम्हाला आणि आजीला मी नेतो," असे त्याने फर्मावले. माझी आई ब्याऐंशी वर्षांची. ती मागच्या आसनावर स्थानापन्न झाली, पिशवीतून जपमाळ काढली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, सुरू कर की आता."

"आजी, आपण चेंबूरला आलो!"

विजेच्या मोटारीचे हे पहिले वैशिष्ट्य. घरघर नाही, धूर नाही, गिअर बदलताना बसणारा हिसका नाही. पेट्रोलचे इंजिन हे बैठकीतल्या जुन्या गवयासारखे असते. तंबोरे जुळायचे, आलापी व्हायची, लय हळूहळू वाढायची आणि मग कोठे तान. म्हणजे इंजिनाचे फेरे वाढल्याशिवाय त्याचा जोर चाकापर्यंत येत नाही. विजेच्या मोटारीला हा उपचार ठाऊक नाही. पायाने इशारा दिला की पहिल्या क्षणालाच पूर्ण जोर! शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला आमच्या भाच्याच्या मोटारीला सात सेकंदही लागत नाहीत, असे तिच्या कंपनीचे म्हणणे आहे. महिंद्रांच्या मालकीची ऑटोमोबिली पिनिनफारिना नावाची कंपनी आहे. तिची 'बातिस्ता' ही विजेची मोटार एकोणीसशे अश्वशक्तीची असून तेवढाच वेग दोन सेकंदांच्या आत गाठते. काही वर्षांपूर्वीपर्यंत असली चपळाई फक्त शर्यतीच्या मोटारींत असे. आज ती किराणा आणायला जाणाऱ्या गाडीत येऊ घातली आहे.

गंमत अशी, की शंभराची वेस पहिल्याने ओलांडली तीही विजेनेच. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने पाणतीराच्या आकाराची मोटार ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने हाकली. मोटारीचे नाव होते 'कधीच समाधान न पावणारी'. त्याच्या तीनच वर्षे आधी इंग्लंडमध्ये गावातून ताशी आठ मैल वेगाने मोटार हाकल्याबद्दल एका गृहस्थाला दंड झाला होता, कारण तेथे मर्यादा होती ताशी दोन मैलांची! आज आपल्या द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीवर शंभराची आणि घाटात साठाची मर्यादा आहे. जेनात्झीसाहेब आपल्या त्या मोटारीसह खालापूरच्या बाजूला अवतरले, तर कमानीवरचा कॅमेरा त्यांनाही दंडाची चिठ्ठी पाठवील.

कळंबोली मागे पडली आणि भाच्याचा पाय जड झाला. ऐंशी झाले तेव्हा मोटारीत टिक्‌टिक्‌ सुरू झाली. जुलै २०१९ पासून आपल्या देशात प्रत्येक नव्या मोटारीला ही सूचनाघंटा सक्तीची आहे. ऐंशीच्या पुढे ती अधूनमधून वाजते, एकशेवीसच्या पुढे अखंड. "कोणाचा फोन आहे बघ रे," आई म्हणाली. भाचा हसला आणि शंभराच्याही पुढे गेला.

"वेग कमी कर," मी म्हणालो.

"मामा, ही मर्यादा जुन्या पेट्रोलच्या खटाऱ्यांसाठी आणि मालमोटारींसाठी आहे. या गाडीचे वजन तळाशी आहे, ती उलटायची नाही. पाय उचलला की आपोआप वेग उतरतो. समोर अडथळा आला तर तिला माझ्याआधी दिसतो. एवढी ताकद दिली आहे ती काय पूजा करायला?"

त्याचे म्हणणे सगळेच खोटे होते असे नाही. बॅटरीचे ओझे तळाशी असते, त्यामुळे मोटार वळणावर घट्ट बसते. पायाचा दाब काढताच मोटार स्वतःच रोधक बनते, हेही खरे. पण मोटार बदलली तरी माणसाचा डोळा आणि पाय तेच आहेत. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरा. शंभराच्या वेगाने तेवढ्यात अठ्ठावीस मीटर जमीन मागे जाते, एकशेवीसच्या वेगाने तेहतीस. त्यानंतर ब्रेक आपले काम करू लागणार. शिवाय आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शंभराचे एकशेवीस केले की वेग वाढतो वीस टक्के, पण आघाताची शक्ती चव्वेचाळीस टक्के! त्यात बॅटरीमुळे विजेची मोटार पेट्रोलच्या तशाच मोटारीपेक्षा वजनदार. आणि जिचे आपण कौतुक करतो ती शांतता? पेट्रोलचे इंजिन वेग वाढला की ओरडते. चालवणाऱ्याच्या कानाला ती सूचना असते. विजेची मोटार ऐंशीवर आणि एकशेवीसवर जवळपास सारख्याच गोड आवाजात बोलते.

हे सारे कशासाठी? साडेचौऱ्याण्णव किलोमीटर शंभराच्या वेगाने तोडायला सत्तावन्न मिनिटे लागतात आणि एकशेवीसच्या वेगाने सत्तेचाळीस. घाट आणि रहदारी विसरली तरी कमाई दहा मिनिटांचीही नाही. पुढे बटाटेवड्याच्या रांगेत आम्ही वीस मिनिटे आनंदाने घालवली!

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांतली सुमारे एकाहत्तर टक्के अतिवेगाच्या अपघातांत. एवढा मोठा आकडा मनाला भिडत नाही. पण काही वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीच्या सुटीत मित्राच्या मोटारीतून याच रस्त्याने निघाला आणि पोचला नाही. हजेरीपट आधीच छापलेला होता. जूनपर्यंत मी रोज तेहतीसनंतर पस्तीस म्हणत असे. आणि साठ-सत्तर मुलांचा तो वर्ग तेवढ्या अर्ध्या क्षणापुरता गप्प होई. मी हे भाच्याला सांगितले. तो काही बोलला नाही. पण काटा शंभरावर आला.

वेग उतरण्याला आणखी एक कारण झाले, आणि ते मोटारीनेच पुरवले. बॅटरीत अजून किती किलोमीटरचे बळ आहे हा आकडा समोर दिसत असतो. वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि हा आकडा डोळ्यांदेखत घसरू लागतो. पेट्रोलची टाकी आपली उधळपट्टी पोटात घालते. बॅटरी ती काटकसरी गृहिणीसारखी तिथल्या तिथे सांगते. सर्वांत चपळ मोटारीनेच सबुरीचा धडा द्यावा, ही मला मौज वाटली.

घाट चढून खंडाळ्याला राजमाची पॉइंटवर आम्ही उतरलो. तेथून खालची दरी, द्रुतगती मार्गाची वळणे आणि पलीकडे डोंगर पोखरून गेलेला लोहमार्ग असा सारा देखावा दिसतो. माकडे आमच्या शिदोरीचा अंदाज घेत होती. आईचे थोरले बंधू रेल्वेत गार्ड होते. त्यांची आठवण निघाली तशी ती नातवाला म्हणाली, "तुझ्या आजोबामामांच्या गाडीला घाट उतरताना परीक्षा द्यावी लागे, ठाऊक आहे?"

ही परीक्षा मी मामांकडूनच ऐकलेली. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी वाटेत ठिकठिकाणी एक फाटा काढलेला आहे. त्याला कॅच साइडिंग म्हणतात. हा फाटा चढावर जाऊन संपतो. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच जुळवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने तेथे थांबायचे, आपण ताब्यात आहोत हे दाखवायचे, मगच सांधा बदलून तिला पुढची वाट मिळते. जी गाडी थांबू शकली नाही ती सरळ चढावावर जाते आणि तिचा वेग तेथे जिरतो. ड्रायव्हर कितीही अनुभवी असो, इंजिन वाफेचे असो की विजेचे. घाटात त्याच्या मनावर काही सोडलेले नाही.

आणि रस्त्यावर? रस्त्यावर आपण पाटी लावतो, दंड करतो, घंटा वाजवतो; बाकी सारे वीस-पंचवीस वर्षांच्या उजव्या पायावर सोपवतो. आपल्याकडे अनेक व्यावसायिक वाहनांना ताशी ऐंशीचा वेगनियंत्रक कायद्याने बसवावा लागतो. खाजगी मोटारीला नुसती घंटा. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत रस्त्यावरची मर्यादा ओळखून चालकाला आवरू पाहणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. पण तीही बंद करण्याची मुभा चालकाला आहेच. दोन सेकंदांत शंभर गाठणारे यंत्र बनवणाऱ्यांना, त्याला घाटात साठावर रोखणारी कडी घालणे कठीण असेल, हे मला पटत नाही. पेट्रोल चांगले की वीज, हा वाद खुशाल चालू द्या. पण वीज जर एवढे बळ घरोघर देणार असेल, तर त्याबरोबर लगामही यायला हवा, आणि तो मोटारीच्या आतच हवा.

आईने हे सारे एका प्रश्नात विचारले. "तुझ्या गाडीला अशी कडी नाही का?"

"आहे की, आजी. आकडा ठरवून दिला की त्याच्या वर जात नाही."

"मग ती काय लोणच्याला ठेवली आहेस?"

पुण्याचे दोन दिवस पाहुणचारात गेले. त्यांचे वर्णन करीत नाही. परतताना आम्ही खंडाळ्याहून जुन्या रस्त्याने खोपोलीला उतरलो. एके काळी घाटाची खूण असलेला अमृतांजन पूल आता नाही. तो २०२० साली पाडला. पण शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट या शिंगरोबा धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला मरण मिळाले, असे लोक सांगतात. सरकारी पाट्यांना न जुमानणारे ड्रायव्हर येथे मात्र वेग कमी करतात, नाणे वाहतात आणि हात जोडून पुढे जातात. भाच्यानेही गाडी हळू केली. काट्याखाली चाळीसचा आकडा त्याने स्वतःच ठरवून ठेवला होता, हे मी पाहिले, बोललो नाही.

उतारावर त्याने ब्रेकला जवळपास पाय लावला नाही. मोटार स्वतःला आवरत होती, आणि त्या आवरण्यातून वीज तयार होऊन बॅटरीत परत येत होती. घाट चढताना पाच टक्के खर्ची पडले होते. खोपोलीला पोचलो तेव्हा त्यांतले दोन परत जमा झाले होते. पेट्रोलच्या मोटारीत हेच बळ ब्रेक तापवण्यात जाते. इंधन वाचवायचे म्हणून गिअर काढून घाट उतरणाऱ्या मालमोटारींचे ब्रेक तापून निकामी होतात, आणि मग पुढे जे घडते ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते.

खोपोलीत डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजकेंद्राचे प्रचंड नळ दिसतात. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून १९१५ साली येथे वीज निर्माण झाली आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. देशातली बहुतेक वीज आजही कोळशातून येते, तेव्हा विजेची मोटार म्हणजे अगदीच निष्पाप वाहन असे समजायचे कारण नाही. पण त्या नळांकडे पाहताना भाचा म्हणाला, "मामा, आपली गाडी आत्ता हेच करत आली, नाही का?" तेच खरे. पावसाळ्यात या डोंगरावरून पाणी सैरावैरा कोसळते तेव्हा दरडी पडतात. तेच पाणी नळातून, झडपांच्या ताब्यात उतरले की गिरणी चालते.

या दिवाळीत तुम्हीही भाऊबिजेला घाट चढाल, उतराल. मोटार कोणतीही असो. आकडा मात्र घरून निघतानाच ठरवून घ्या. बहिणीचे ओवाळणीचे ताट दहा मिनिटे उशिराने गार होत नाही.