घर पाहावे विकत घेऊन

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे सांगणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेणाऱ्याविषयी एक अक्षर काढलेले नाही. घर विकणे ही त्यांच्या लेखी बुडाल्याची खूण, आणि घेणाऱ्याकडेही लोक जरा संशयानेच पाहत. त्यामुळे या बाबतीत आम्हा पगारदारांना ना म्हणीचा आधार, ना वहिवाटीचा. गाठीला असते ती वीस वर्षांची शिल्लक, आणि ती एकदाच खर्च करता येते.

ही शिल्लक मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला घालवावी असे आम्हां उभयतांच्या मनाने घेतले. म्हसे म्हटले की लोकांना आठवते ती पौष पौर्णिमेची म्हसोबा खांबलिंगेश्वराची यात्रा. घोंगड्या, भांडीकुंडी, खेळणी हे सारे तिथे असतेच. पण यात्रेचा खरा जीव बैलबाजारात. गिऱ्हाईक आधी बैलाचे जाभाड उघडून दात मोजते, मग खूर पाहते, मग चार पावले चालवून बघते. एवढे झाल्यावर दलाल हातावर रुमाल टाकतो आणि त्याखाली बोटांनी भाव ठरतो. विकणारा बैलाची शिंगे रंगवून आणतो म्हणून कोणी रागावत नाही. रंग लावणे हे त्याचे काम, दात पाहणे हे आपले.

आम्ही पाहिलेल्या घराचीही शिंगे रंगवलेली होती. गावठाणातले जुने कौलारू घर; पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे न्हाणी आणि फणसाचे झाड. मध्ये तुळईखाली सागाचे चार खांब, तकतकीत तपकिरी रंगाचे. भिंती गुळगुळीत, सिमेंटच्या. याच गावावरून देहरीकडे, गोरखगड-मच्छिंद्रगडाच्या पायथ्याशी वाट जाते. तिकडेच तो सिद्धगड, जिथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. अशा मुलखात आपले चार खण असावेत, हा मोह मराठी शिकवणाऱ्या माणसाला न झाला तरच नवल! मागणी अठरा लाखांची होती. मालक म्हणाले, “सर, गाडी मुरबाडला आली की हेच घर तिसाला जाईल.” मुरबाडला रेल्वे येणार हे या भागातल्या प्रत्येक सौद्यातले ठरलेले वाक्य आहे. त्यावर हुंकार द्यायचा आणि खांब पाहायचा.

खांब पाहायला कल्याणचे एक परिचित इंजिनिअर आणि गावातलाच एक म्हातारा सुतार असे दोघे आले. इंजिनिअरने ओळंबा सोडला, टेप धरला, वहीत आकडे मांडले. सुताराने यातले काही केले नाही. तो प्रत्येक खांबाला बोटाच्या पेराने टकटक करत गेला आणि माजघराच्या खांबापाशी थांबला. मग खिशातला पेचकस काढून खांबाच्या बुडाशी नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

“ह्यो खांब रंगावर उभा हाय,” तो म्हणाला.

मग त्या दोघांनी मिळून आम्हांला जे समजावले ते प्रत्येक घरघेण्याने ऐकण्याजोगे आहे. वाळवी म्हणे लाकडावर आकाशातून पडत नाही. ती जमिनीतून, ओलीच्या आधाराने येते आणि येताना मातीच्या बारीक नळ्या बांधत येते. जुन्या सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. पण बाहेरचे पांढरे लाकूड तिला चालते, आणि ओल कायम राहिली तर गाभाही पुढे कुजतो. ओल का राहिली? तर त्या गुळगुळीत भिंतींमुळे. आत मातीच्या विटा, बाहेरून सिमेंटचा गिलावा. पूर्वी शेणामातीने सारवलेली भिंत पावसाळ्यात ओल घेई आणि थंडीत सोडून देई. सिमेंटने तिचे तोंड बांधले. आत शिरलेल्या पाण्याला वाट उरली नाही, आणि पश्चिमेची भिंत तीन बोटे पोटातून सुटली. माजघरातला कारवीचा कूड, ज्याला आम्ही ‘हा आधी पाडू’ म्हणालो होतो, तोच सगळ्यांत निरोगी निघाला!

दुरुस्तीचा अंदाज साडेचार लाख. आम्ही घरी परतताना एस्टीत कोणीच बोलले नाही.

पण खरी वाळवी कागदात होती. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, आणि तो घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढेच सांगतो, मालक कोण ते नाही. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. गावोगावी चुन्याच्या रेघा मारून ड्रोनने गावठाणे मोजण्यात आली आणि घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. या घराचीही होती. तिच्यावर एकच नाव, मालकांचे. वकिलांनी साधा प्रश्न विचारला: “वडील कधी वारले?” २०११ मध्ये. “भावंडे?” एक बहीण, शहापूरकडे दिलेली.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याला २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर उरलीसुरली शंकाही मिटवली. ड्रोनला भिंती दिसतात, बहिणी दिसत नाहीत.

मालकांना यात अडचण वाटली नाही. “ताईची सही घेऊ की! हक्कसोड करून देईल. तिला साडी-चोळी करू.” त्यात लबाडी नव्हती. हे असेच चालत आले आहे, आणि आपल्या शहरी घरांतूनही चालते. फक्त साडी जरा भारी असते.

मला स्वतःला ही तोड पटण्यासारखी होती. कागद स्वच्छ होतो आणि भावा-बहिणीच्या मध्ये आपण कोण? पण आमच्या सौभाग्यवतींनी ताटावरून मान वर केली नाही आणि म्हणाल्या, “अहो, खांब बदलता येईल. साडीवर घेतलेल्या घरात मला झोप यायची नाही.” त्यांनाही एक माहेरचे घर आहे. त्यावर त्यांनी केव्हा, कशी सही केली हे मला माहीत होते. आम्ही त्याविषयी कधी बोललो नव्हतो. त्या दिवशीही बोललो नाही.

आम्ही निरोप धाडला: दुरुस्तीचे साडेचार लाख वजा करून साडेतेरा, दोघेही विकणारे म्हणून खताला उभे राहतील, आणि दोन चेक, दोघांच्या नावांचे, सारखे. मालक दुखावले. “सर, आमच्या घरात तुम्ही वाटण्या घालता,” म्हणाले. ते अगदीच खोटे नव्हते. सहा आठवडे फोन नाही. दलालाने मध्येच कळवले की मुंबईचे एक गिऱ्हाईक येऊन गेले, जुने पाडून स्लॅबचा बंगला बांधणार आहे. आम्ही घर मनातून काढून टाकले. म्हणजे रोज एकदा काढत होतो.

आषाढात एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. बाई बोलत होत्या. “घर घेणारं तुम्हीच का? भावानं सांगितलं. मी येते सहीला.” मग जरा थांबून, “पण येत्या पावसात एकदा बघून जा. आमच्या आईच्या वेळेपासून न्हाणीपाशी गळतंय.”

दोन विकणाऱ्यांपैकी एकीने आपणहून घराचे वैगुण्य सांगितले. १८८२ चा मिळकत हस्तांतरणाचा कायदा सांगतो की घेणाऱ्याला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. त्या बाईंनी तो कायदा पाहिला असण्याचा संभव नाही. आम्ही भर पावसात गेलो. न्हाणीपाशी खरोखरच गळत होते. मालकांनी मुकाट्याने घमेले आणून खाली ठेवले.

मुरबाडच्या निबंधक कचेरीत ताईंनी यंत्रावर अंगठा टेकवला, फोटो काढून घेतला आणि चेक दोनदा वाचवून घेतला, एकदा भाच्याकडून, एकदा कारकुनाकडून. मग पदराच्या गाठीत बांधला. भाऊ बाहेर बाकावर बसले होते. त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही.

खांबाचे काम दिवाळीनंतर निघेल. तोवर तुळईला टेकू दिला आहे, आणि पश्चिमेच्या भिंतीचे सिमेंट सुताराच्या सांगण्यावरून आम्ही आताच खरवडायला घेतले आहे.