उंछवृत्ती आणि कावेरीचा गाळ

तंजावरच्या उत्तरेस कावेरीकाठी वसलेल्या तिरुवैयारुला कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु आणि वडवारु या पाच प्रवाहांवरून नाव मिळाले असून तेथील शिवही पंचनदीश्वर म्हणूनच पूजिला जातो. भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागविणारा तो शाश्वत विकास, ही व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने रूढ केली. परंतु गरज म्हणावे तरी कशाला, हा तिच्यात मोकळा राहिलेला प्रश्न कर्नाटक संगीतातील रचनाकार संत त्यागराजांनी (१७६७–१८४७) याच गावी आपल्या शिध्यापुरता सोडविला होता. ते उंछवृत्तीने राहत. सुगीनंतर शेतात सांडलेले दाणे वेचून निर्वाह करणे हा उंछवृत्तीचा मूळ अर्थ. पुढे भजन गात दारोदार फिरावे आणि मिळालेल्या तांदळावर दिवस काढावा, असे माधुकरीच्या जवळचे रूप तिला आले. १८५५ पर्यंत तंजावरवर राज्य केलेल्या भोसले घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांचे दरबारी निमंत्रण त्यांनी नाकारल्याची कथा प्रसिद्ध आहे, आणि पौष वद्य पंचमीला त्यांच्या पुण्यतिथीच्या आराधनेत उंछवृत्तीचे भजन आजही निघते.

मात्र एका साधकाच्या अल्पसंतुष्टतेवर खोरे पिकत नाही. कावेरीहून सखल असलेल्या कोळ्ळिडम या फाट्यात वाहून जाऊ पाहणारे पाणी शेतांकडे राखण्यासाठी करिकाल चोळाने सुमारे अठरा शतकांपूर्वी कल्लणै हा दगडी बांध घातला, असे परंपरा मानते. नदीच्या वाळूत मोठमोठे दगड रुतवून रचलेल्या या बांधाचा पाया एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटनसारख्या अभियंत्यालाही अभ्यासावासा वाटला. बांधापुढच्या कालव्यांना जिवंत ठेवले ते कुडिमरामत्तु या रिवाजाने, म्हणजे गाळ काढणे, तुटलेले काठ भरणे ही कामे गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने उरकण्याच्या रीतीने. तिचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा राहून जाते: जमीन मिरासदारांची होती आणि चिखलात उतरणारे हात बहुधा भूमिहीनांचे होते, त्यामुळे हा वारसा जसाच्या तसा उचलण्याजोगा नाही. वसाहतकाळात ही रीत विस्कटली, १८५८ च्या मद्रास सक्तीश्रम कायद्याने तिला दंडाचा आधार देऊनही ती सावरली नाही, आणि २०१७ मध्ये तमिळनाडू सरकारने तेच नाव देऊन योजना काढली तेव्हा तिचा पैसा सरकारी तिजोरीतून आला.

१९३४ पासून कावेरीचे पाणी मेट्टूर धरणाच्या दरवाजांतून हिशेबाने सुटते, आणि सुपीक गाळाचा मोठा वाटा धरणामागेच अडतो. तमिळ आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीच्या नव्या पुराची पूजा करणाऱ्या बायकांनाही आता धरणाच्या वेळापत्रकाकडे डोळे लावावे लागतात. नदीला देवत्व दिल्याने ती वाचते हा समज येथे टिकत नाही. पूजा अखंड चालू राहिली, खंड पडला तो डागडुजीत. २०२० च्या संरक्षित कृषिक्षेत्र कायद्याने या त्रिभुज प्रदेशात तेल व वायूच्या नव्या उत्खननाला मनाई केली, हे चांगलेच झाले. पाटातला गाळ दर उन्हाळ्यात कोणी काढावा, हा मात्र त्या कायद्याचा विषय नाही.