सोंग आणि निवड

जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यांत संबळाच्या तालावर मुखवटे नाचतात. शेवटीं जगदंबा महिषासुरास मारते. तिचें सोंग घेणाऱ्यास दुसरें कांहीं करितां येत नाहीं. म्हणून त्या वधाचें ओझेंही त्याचे मनावर राहत नाहीं.

२०१५ सालीं निघालेल्या 'अंडरटेल' या संगणकावरील खेळांत तसें नाहीं. मायाळू टोरिएल मुलाच्या काळजीपोटीं वाट अडविते. तिला मारावें कीं सोडावें, हें खेळणाऱ्यानेंच ठरवावयाचें. आमच्या पुतण्यानें तिला मारिलें आणि तो रडला. मागें जाऊन त्यानें तिला वाचविलें. तरी खेळांतील एका फुलानें पहिली करणी बोलून दाखविलीच!

असले खेळ मुलांस द्यावे कीं नाहीं, हा वाद घरोघर आहे. आम्हांस मात्र त्या आंसवांत संस्कारच दिसला.